नापास पेटीतली एक्केचाळीस

१

सोमवारी सकाळी माझी भाची प्रगती हिचा फोन आला. तिच्या छोट्या कारखान्यात चोरी झाली होती आणि मी लगेच यावं असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तुझ्याजवळ यवतला पोलीस ठाणं आहे, दौंडचा निवृत्त रेल्वेवाला कशाला हवा? ती म्हणाली, पोलिसांना सांगायची लाज वाटते, कारण चोरीला गेलेली वस्तू बिघडलेली आहे.

फडताळात आकडे उजळणाऱ्या काचेच्या सदतीस चांगल्या ट्यूब ओळीनं मांडलेल्या होत्या. चोरानं त्यांना हातही लावला नव्हता. नापास पेटीत चार खराब ट्यूब होत्या, त्यातली नेमकी एक, नंबर एक्केचाळीस, तेवढी गेली होती.

मी चौतीस वर्षं दौंड जंक्शनचे सिग्नल सांभाळले. सिग्नल बिघडला की साहेब पहिला प्रश्न विचारायचे, कुणाची चूक? मी म्हणायचो, काय चुकलंय ते आधी बघू, कुणाचं ते मागाहून आपोआप कळेल. या सवयीपायी मला बढती उशिरा मिळाली, पण आमच्या विभागात गाडी सहसा खोळंबली नाही. खराब वस्तूची चोरी ही गोष्ट मला बिघडलेल्या सिग्नलसारखीच वाटली. चपला घातल्या आणि डेमू गाडीनं यवत गाठलं, तिथून वडापच्या जीपनं कासुर्डी.

शेडपाशी पोचलो तर बर्नरचा आवाज येत नव्हता. बारा वर्षांत कामाच्या दिवशी तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

२

आत काय चालतं ते आधी सांगतो. प्रगतीचे वडील सावळाराम, म्हणजे माझे दाजी आणि बाकी सगळ्यांचे आप्पा, यांनी पुण्यात तीस वर्षं निऑनचे बोर्ड केले. जाळावर काच धरून ती वाकवायची आणि दुकानाचं नाव लिहायचं. एलईडी आली आणि ते काम एका वर्षात संपलं. माझी बहीण कस्तुरा त्याच सुमारास गेली. दाजी गावी परतले आणि अंगणात नुसते बसू लागले. ते बसणं प्रगतीला बघवेना. इंजिनियरची नोकरी सोडून ती आली आणि उसाच्या कडेला पत्र्याचं शेड घालून तिनं हा उद्योग मांडला.

इथं जुन्या धाटणीच्या आकड्यांच्या ट्यूब हातानं करतात. पाण्याच्या पेल्याएवढी काच, तिच्या आत पातळ पत्र्याचे शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागं एक. आतली हवा पंपानं ओढून काढायची, चिमूटभर निऑन भरायचा आणि काचेचं तोंड जाळावर वितळवून बंद करायचं. तिथं काचेचं छोटं टोक राहतं, त्याला सगळे शेंडी म्हणतात. वीज दिली की हवा तो आकडा निखाऱ्यासारखा केशरी उजळतो. सहा ट्यूबचं एक घड्याळ होतं. परदेशातल्या एका मराठी मंडळानं दहा घड्याळं मागवली होती, आकडे मराठीच हवेत अशा अटीवर.

शेडच्या भिंतीवरही असं एक घड्याळ आहे, चोवीस तासांचं. दुपारचे तीन वाजले की ते पंधरा दाखवतं. रेल्वेवाल्या मामाला दुसरं घड्याळ वाचता येत नाही, असं प्रगती म्हणते. ते खोटं नाही.

कारखान्याचा एक शिरस्ता आहे. शेंडी लावली की दुसऱ्या दिवशी ट्यूब पेटवून बघायची. पास झाली की फडताळात जाते आणि पॅकिंगपर्यंत तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. नापास झाली तर पेटीत. दर सोमवारी प्रगती नापास ट्यूब कापते आणि भिंगाखाली बघून चूक कुठं झाली ते वहीत लिहिते. एक्केचाळीस शुक्रवारी तयार झाली, शनिवारी शेवंताबाईंनी पेटवली, तिचा तीन अर्धवटच उजळला. रविवारी सुट्टी. सोमवारी कापायला पेटी उघडली तर तिची जागा रिकामी.

कुलूप शाबूत होतं. किल्ली मीटरच्या पेटीमागं खिळ्याला असते आणि ते तिघांना ठाऊक: दाजी, आकडे रचणाऱ्या शेवंताबाई आणि पंप सांभाळणारा महेंद्र.

प्रगतीनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. महेंद्र पंचेचाळिशीचा, पूर्वी कोरेगाव भीमाकडं एका कंपनीत फिटर होता. गेल्या आठवड्यात तो फोनवर कुणाशी तरी नव्या कामाचं बोलत होता. नक्कल करायला खराब ट्यूबही चालते, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला विचारलं आणि दाजींनी ते ऐकलं. त्यांनी बर्नर बंद केला, जाळाकडं बघायचा जांभळट चष्मा खिळ्याला टांगला आणि म्हणाले, "म्हेंद्रनं न्हाई नेली. त्याच्यावर आळ घेणार असशील तर मी जाळापाशी बसत न्हाई."

काचेला शेंडी लावणं दाजींशिवाय कुणाला येत नव्हतं, निदान प्रगतीला तरी तसंच वाटत होतं. दाजी उठले तर कारखाना थांबणार आणि दाजी पुन्हा अंगणात बसणार. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, ऑर्डर गेली तरी चालेल. त्यांना परत तसं बसलेलं मला बघवणार नाही."

मला मात्र वेगळंच खटकत होतं. महेंद्रनं नेली नाही हे दाजी इतक्या खात्रीनं कशाच्या जोरावर सांगत होते?

३

पहिल्यांदा महेंद्र. पंपाजवळ स्टुलावर बसून तो फडक्यानं पुसलेलीच नळी परत पुसत होता. चोरी केलेला माणूस नाही म्हणतो. न केलेला जरा जास्त जोरात नाही म्हणतो. महेंद्र दोन्ही करेना. म्हणाला, "ताईंना वाटतंय मी नेली, तर मीच नेली असं धरा, मामा. मला तिकडं काम मिळंल. आप्पांना तेवढं जाळापाशी बसवा."

मी विचारलं, शेंडी लावताना तू कुठं असतोस? तो म्हणाला, इथंच, पंपाची चावी धरून, बसणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. मी म्हटलं, दाजींच्या खांद्याला? तो फडक्याकडं बघत म्हणाला, "व्हय, आप्पांच्याच की." एवढ्या सोप्या प्रश्नाला त्याला इतका वेळ लागावा याचं मला नवल वाटलं.

मग शेवंताबाई. पन्नाशीच्या. माहेरची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता वाडीवस्तीवर शेती करून राहतात. बाईंच्या बोटांत मात्र लोकर कातायची नजाकत अजून आहे. मोजे घालून चिमट्यानं एकेक आकडा उचलून रचतात. मोजे का, तर उघड्या बोटाचं तेल आकड्याला लागलं की तेवढा भाग उजळत नाही, काळा राहतो. कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनीच अशा चार ट्यूब घालवल्या होत्या आणि ते त्या हसत सांगायच्या. आज हसत नव्हत्या.

त्यांनी चहा आणला. बाई डावऱ्या आहेत, पण चहा द्यायला रीतीप्रमाणं उजवा हात पुढं केला. त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. डाव्यात एकही नव्हती. धनी हयात असलेली बाई एका हाताच्या बांगड्या काढून ठेवते, हे मी आमच्या भागात तरी पाहिलं नव्हतं. मी विचारलं. फुटल्या, म्हणाल्या. उजव्या हातातली एकही कशी फुटली नाही, हे मी विचारलं नाही. ट्यूब कुठं गेली असेल असं विचारलं, तर म्हणाल्या, "गेली ती गेली. खराबच हुती न्हवं. कशाला येवढा सोध घ्यायचा, मामा?"

दाजी अंगणात बसले होते, मला नको होतं अगदी तसेच. त्यांचा चहा शेवंताबाईंनी मोठ्या स्टीलच्या पेल्यात आणला, तोही अर्धाच भरून. दाजींनी तो दोन्ही हातांनी धरला. हा माणूस आयुष्यभर बशीत ओतून चहा प्यायला होता. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "हनुमंता, तू उगं खणू नगंस. काय खणलं की काय निगंल, सांगता येत न्हाई."

खणू नको म्हणणारा माणूस जमिनीखाली काय आहे ते जाणून असतो. त्या रात्री मी दौंडला परतलो नाही.

४

मंगळवारी सकाळी प्रगती पुण्याला गेली. मंगळवार आणि शुक्रवार, कुरिअर आणि सामानासाठी ती जातेच. दुपारी परतल्यावर महेंद्रचा हिशोब करून टाकते असं बजावून गेली.

गेलेल्या ट्यूबचा विचार करून काही हाती लागेना, म्हणून मी राहिलेल्या ट्यूबकडं वळलो. आमच्या कामात अशीच सवय होती. बिघडलेल्या सिग्नलला सगळे चिकटायचे. मी शेजारचा चालू सिग्नल उघडून बघायचो. फडताळातल्या सदतीस ट्यूब मी टेबलावर मांडल्या, आकड्यांचं तोंड माझ्याकडं करून, आणि एकेकीची शेंडी बघितली.

दाजींच्या हाताची शेंडी मला ओळखीची. काच ओढून तोडताना टोक तांदळाएवढं उजवीकडं कलतं, कारण त्यांचा उजवा हात ओढतो. सव्वीस ट्यूबच्या शेंड्या तशाच होत्या. त्यातल्या अलीकडच्या काही जाड आणि वेड्यावाकड्या, कशाबशा पास झालेल्या. उरलेल्या अकरांची टोकं बारीक, सुबक, आणि सगळी डावीकडं कललेली.

कुठली ट्यूब कुठल्या वारी केली त्याची वही मी काढली. त्या अकरांपैकी एकही बुधवारची नव्हती, शनिवारची नव्हती. सगळ्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या.

मग खिळ्यावरचा चष्मा उतरवला. तो डोक्यामागं लोकरीच्या दोरीनं बांधतात. दोरीला एक जुनी गाठ होती, दाजींच्या मोठ्या डोक्याच्या मापाची. आणि तिच्या आत चार बोटांवर दुसरी, नवी गाठ.

या शेडमध्ये चार माणसं काम करत होती, त्यातल्या तिघांना एक गोष्ट माहीत होती, आणि जिनं हे सगळं उभं केलं तिला एकटीलाच ती माहीत नव्हती.

मी शेवंताबाईंच्या टेबलापाशी गेलो आणि चष्मा त्यांच्यापुढं ठेवला. विचारलं, जाळापाशी बांगड्या तापतात म्हणून काढल्या ना?

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग पदराला हात पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "घरी जाऊन येते, मामा. दहा मिंटात येते."

महेंद्र दारात उभा राहून त्यांना जाताना बघत होता. त्यानं मला विचारलं, त्या परत येतील का? मी म्हटलं, येतील. पण दहा मिनिटांची पंचवीस झाली तेव्हा माझीही खात्री डळमळली.

५

त्या आल्या. हातात कच्च्या लोकरीचा गुंडाळा होता, बाळंतिणीनं पोर धरावं तसा धरलेला. आत एक्केचाळीस नंबरची ट्यूब, जराही ओरखडा नसलेली.

"फोडून टाकायची म्हणून नेली हुती," त्या म्हणाल्या. "हात उचलंना."

बाकीचं त्यांनी खालच्या मानेनं सांगितलं. दिवाळीपासून दाजींचा हात थरथरायला लागला. शेंड्या वाकड्या होऊ लागल्या, ट्यूब गळू लागल्या. संक्रांतीच्या सुमारास एका मंगळवारी दाजींनी त्यांना हाक मारली आणि जाळापुढच्या स्टुलावर बसवलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दोघांनी कामं बदलली. बाई शेंडी लावायच्या आणि दाजी त्यांच्या टेबलाशी आकडे रचायचे. प्रगतीला कळू द्यायचं नाही, एवढं वचन दाजींनी दोघांकडून घेतलं होतं.

मी म्हटलं, इतक्या पास झाल्या, त्या फडताळात उघड्या आहेत. मग हीच का लपवली? हिची शेंडीही डावीकडंच कललेली, तुमच्याच हातची.

"शेंडीसाठी न्हाई नेली," त्या म्हणाल्या. "पेटवून बघा."

महेंद्रनं तारा जोडल्या. शून्य छान उजळला. एक, दोन. तीनवर आला आणि ३ च्या खालच्या वेलांटीत काळा पट्टा पडला, अंगठ्याच्या रुंदीएवढा. पण सलग नाही. पट्ट्याच्या मधोमध सुतासारखी एक केशरी रेघ चकाकत होती.

डाग उघड्या अंगठ्याचा होता हे मलाही कळलं. पण मधली रेघ? अंगठ्याचा तेवढा भाग आकड्याला टेकलाच नव्हता. म्हणजे त्या अंगठ्यावर खोलगट वण असणार. निऑनचे बोर्ड करताना तापल्या काचेनं अंगठा चिरलेला माणूस या घरात एकच होता, आणि आकडे रचणं हे त्याचं काम नव्हतं. प्रगतीनं सोमवारी ही ट्यूब भिंगाखाली धरली असती तर शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं, शेवंताबाईंच्या जागी आकडे रचायला कोण बसलं होतं ते.

"चिमटा सुटला आसंल त्यांच्या हातनं," शेवंताबाई म्हणाल्या. "मोजा काढला आसंल. मी नेली येवढं त्यान्ला ठावं हाय, का नेली ते ठावंच न्हाई, मामा. त्यान्ला वाटतंय माझी शेंडी चुकली. वाटू दे की. माझी चुकली म्हणून ते रागावत न्हाईत, उलट परत शिकवत्यात. त्यांची चुकली हे त्यान्ला कशाला कळाय पायजे?"

उत्तर द्यायला वेळच नव्हता, कारण दाराशी गाडी थांबली होती आणि प्रगती आत येत होती. तिच्या मागोमाग, पेटलेल्या ट्यूबकडं बघत, दाजी.

६

लपवायला कुणाला जमलं नाही. तीन तसाच पेटलेला होता. प्रगतीनं आधी ट्यूब बघितली, मग टेबलावरच्या शेंड्यांची रांग बघितली. मग तिच्या लक्षात येऊ लागलं. ती इंजिनियर आहे, तिला फार सांगावं लागत नाही.

दाजी पुढं आले. वाकून त्यांनी त्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं, मधल्या रेघेकडं पाहिलं आणि आपला उजवा अंगठा हळूच काचेपाशी धरला. अंगठा हलत होता, पण वण आणि रेघ जुळायला तेवढं पुरे होतं.

"ह्यो माझा हाय," ते म्हणाले. मग शेवंताबाईंकडं वळून, "आन् तू मला तीन दिस शेंडी चुकली म्हणून सांगतीस व्हय?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. प्रगतीनं कधीपासून, असं विचारलं. दाजींनी संक्रांत सांगितली.

"मला का नाही सांगितलं, आप्पा?"

"तू मला बसवलं आसतंस," दाजी म्हणाले. "अंगणात खुर्ची टाकून, मायेनं. चा द्यायला माणूस ठिवलं आसतंस. पोरी, मला जाळाची आच लागल्याबिगर दिस गेल्यासारखा वाटत न्हाई."

प्रगतीनं ट्यूबच्या तारा काढल्या आणि काच कापायची कानस उचलली. शिरस्ता म्हणजे शिरस्ता, नापास ट्यूब कापायचीच. शेवंताबाई एक पाऊल पुढं आल्या आणि थांबल्या. मला वाटलं आता मधे पडावं, पण ती भाची असली तरी मालकीण आहे.

कानस तिच्या हातात तशीच राहिली. मग तिनं ती ठेवून दिली. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं, पहिली ट्यूब काढून बाजूला ठेवली आणि तिथं एक्केचाळीस बसवली.

"अगं, नापास हाय ती," दाजी म्हणाले.

"पहिल्या घरात शून्य, एक आणि दोन एवढेच आकडे येतात, आप्पा," प्रगती म्हणाली. "तेवीस वाजून गेले की परत शून्य. तिथं तीन कधी येतच नाही."

चौतीस वर्षं मी चोवीस तासांचं घड्याळ वाचलं. ही गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती.

मग ती महेंद्रपाशी गेली. चुकले, म्हणाली, साधंच, हात जोडून. नवं काम घेणार आहात का, असंही विचारलं. तो म्हणाला, ते काम त्याच्या मेव्हण्यासाठी बघत होता. हे काल का बोलला नाहीस म्हणून मी त्याला झापलं. तो म्हणाला, बोललो असतो तर ताईंनी पुढचा माणूस धरला असता. आणि तो पंप चालू करायला गेला.

प्रगतीनं बर्नरपुढं दोन स्टुलं ठेवली, एकमेकांना लागून. डाव्या स्टुलावर शेवंताबाईंना बसवलं, उजव्यावर दाजींना. दाजींनी खिळ्यावरच्या जागी हात नेला, तर चष्मा टेबलावर होता. तो त्यांनी बाईंच्या डोळ्यांवर ठेवला आणि दोरी बांधायला गेले, पण बोटं ऐकेनात. प्रगतीनं मागून त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि आतल्या गाठीला फास घालून दोरी बांधून दिली.

"आच आधी लांबून दे," दाजी सांगू लागले. "घाई न्हाई करायची. काच मऊ झाली की तीच सांगती, मग वढायचं." ते मोठ्यानं सांगत होते. संक्रांतीपासून पहिल्यांदाच त्यांना कुजबुजावं लागत नव्हतं.

बर्नर फुरफुरला. घड्याळात पंधरा अठ्ठावन्न झाले होते, पहिल्या घरात एक अगदी स्वच्छ उजळला होता. यवतहून माझी डेमू साडेसोळाला होती. मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि शेवंताबाईंची शेंडी होईपर्यंत बसायचं ठरवलं.